अर्धवट झोप, स्वप्न आणि सुचणारी चाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्धवट झोप म्हणजे नेमकी कोणती अवस्था?

जागेपणातून झोपेत जाताना काही मिनिटांचा असा काळ येतो, की तेव्हा माणूस धड जागा नसतो आणि धड झोपलेलाही नसतो. डोळे मिटलेले असतात, खोलीतल्या पंख्याचा आवाज कानावर येत असतो, पण विचारांची साखळी मध्येच तुटते आणि तिच्या जागी एखादे चित्र, एखादी हाक, कधी सुरांचा एखादा तुकडा येऊन उभा राहतो. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड मोरी यांनी १८४८ मध्ये या भासांचे वर्णन करून त्यांना शास्त्रीय नाव दिले. आजच्या निद्राशास्त्रात हा झोपेचा पहिला टप्पा मानला जातो आणि प्रौढ माणसाच्या रात्रभरच्या झोपेत त्याचा वाटा साधारण ५ टक्के असतो.

उलट दिशेचीही अशीच एक अवस्था आहे. साखरझोपेतून जाग येताना स्वप्न पुरते विरलेले नसते आणि भान पुरते आलेले नसते. पहाटेच्या या झोपेत रेम झोपेचे प्रमाण जास्त असते. या झोपेत मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे वेगाने हलतात आणि सविस्तर स्वप्ने पडतात. संगीतकारांचे ‘स्वप्नात सुचले’ हे अनुभव बहुतेक या पहाटेच्या टोकाचे आहेत, तर ‘डुलकी लागता लागता सुचले’ हे अनुभव पहिल्या टोकाचे. दोन्ही प्रकारांत येणारी सामग्री वेगळी असते, त्यामुळे ते एकत्र मोजू नयेत.

या अवस्थेत मेंदूत काय घडते?

शांत, डोळे मिटलेल्या जाग्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला ८ ते १२ आवर्तनांच्या अल्फा लहरी ठळक असतात. डोळा लागू लागला की त्या विरतात आणि ४ ते ७ आवर्तनांच्या थीटा लहरी दिसू लागतात. त्याहून उद्बोधक गोष्ट म्हणजे सगळा मेंदू एकाच वेळी झोपत नाही. इंद्रियांकडून येणारे संदेश मेंदूच्या वरच्या थराकडे पोहोचवणारा थॅलेमस हा भाग आधी मंदावतो, आणि वरचा थर त्यानंतरही कित्येक मिनिटे कार्यरत राहतो, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले. मेंदूत बसवलेल्या विद्युताग्रांच्या (इलेक्ट्रोडच्या) साहाय्याने त्यांनी हे मोजले होते. म्हणजे बाहेरचा आवाज आत येण्याचे दार लोटले जाते, पण आत साठलेले आवाज जागेच असतात. जे सूर एरवी बाहेरच्या गोंगाटाखाली दबलेले राहतात, ते या मिनिटांत ऐकू येतात, ही मला पटणारी मांडणी आहे.

रेम झोपेत याच्या जोडीला आणखी एक बदल होतो. सावधपणाशी निगडित असलेले नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन जवळजवळ नाहीसे होते आणि अ‍ॅसेटिलकोलिन भरपूर असते. विचार, नियोजन आणि चूक शोधणे यांच्याशी संबंधित असलेला कपाळामागचा भागही मंदावलेला असतो. ‘हे बरोबर नाही’ असे सांगणारा आतला परीक्षक त्या वेळी गैरहजर असतो, आणि म्हणून एरवी एकमेकांजवळ न येणाऱ्या गोष्टी जवळ येतात.

चाल खरोखर झोपेत तयार होते, की तसे फक्त वाटते?

काही वेळा खरोखर तयार होते, आणि याचे सर्वांत चांगले नोंदलेले उदाहरण ‘बीटल्स’ या इंग्लिश गटातील पॉल मॅकार्टनी यांच्या ‘यस्टरडे’ या गाण्याचे आहे. लंडनमधील विम्पोल स्ट्रीटवरच्या घरात, पोटमाळ्यावरच्या खोलीत एका सकाळी त्यांना जाग आली तेव्हा संपूर्ण चाल डोक्यात होती. पियानो पलंगालगतच होता. त्यांनी लगेच त्यापाशी बसून स्वरमेळ (कॉर्ड) शोधले आणि चाल बसवली. मला इथे पलंगालगतचा पियानो फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो दुसऱ्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी असता, तर जिना उतरेपर्यंत किती चाल शिल्लक राहिली असती हे सांगता येत नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. चाल इतकी सहज आली होती, की ती आपण कुठेतरी ऐकलेलीच असणार अशी शंका मॅकार्टनी यांना आली, आणि त्यांनी पुढे बराच काळ ती ओळखीच्या लोकांना ऐकवून ‘ही कुणाची आहे का’ असे विचारले. शब्द तर नव्हतेच. नाश्त्याच्या अंड्यांवरचे तात्पुरते शब्द घालून ते ती गुणगुणत असत. खरे शब्द मे १९६५ मध्ये पोर्तुगालच्या प्रवासात जुळले आणि १४ जून १९६५ रोजी गाणे ध्वनिमुद्रित झाले. म्हणजे झोपेने चाल दिली, पण गाणे पूर्ण व्हायला दीर्घकाळचे जागे काम लागले. शिवाय ज्या माणसाला हे स्वप्न पडले, तो त्या काळात रोज गाणी लिहीत होता, गात होता, वाजवत होता.

तार्तिनी आणि वाग्नर यांच्या प्रसिद्ध कथा कितपत विश्वासार्ह आहेत?

त्या सावधपणे वाचाव्यात. इटालियन व्हायोलिनवादक जुझेप्पे तार्तिनी यांनी १७१३ मध्ये स्वप्नात सैतानाच्या हाती आपले व्हायोलिन दिले आणि त्याने ते अपूर्व वाजवले, ही कथा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांद यांच्या प्रवासवर्णनातून, म्हणजे त्या रात्रीनंतर सुमारे अर्ध्या शतकाने, छापून आली. ‘डेव्हिल्स ट्रिल’ या नावाने प्रसिद्ध असलेली ती सोनाटा शैलीवरून पाहता स्वप्नानंतर बऱ्याच वर्षांनी रचली गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही या कथेतील एक तपशील मला अस्सल वाटतो. ही आपली सर्वोत्तम रचना आहे, पण स्वप्नात ऐकलेल्या संगीताच्या तुलनेत ती फारच कमी पडते, असे तार्तिनी यांनी म्हटले होते. ज्याने स्वप्नातला सूर जागेपणी धरायचा प्रयत्न केला आहे, त्याला ही हळहळ ओळखीची वाटेल.

जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे, की ५ सप्टेंबर १८५३ रोजी इटलीतील ला स्पेझिया येथे, आजारी आणि थकलेले असताना, दुपारी आडवे पडल्यावर त्यांना गुंगी आली आणि आपण वेगाने वाहणाऱ्या पाण्यात बुडत आहोत असे वाटू लागले. त्या पाण्याचा नाद त्यांना ई फ्लॅट मेजर या स्वरमेळासारखा ऐकू आला, आणि ‘ऱ्हाइनगोल्ड’ या संगीतनाट्याचा प्रारंभ त्यांना तिथेच सापडला. तो प्रारंभ आजही थक्क करणारा आहे, कारण १३६ मात्राखंड तो एकाच स्वरमेळावर उभा असतो. मात्र आत्मचरित्र त्यानंतर अनेक वर्षांनी सांगून लिहवले गेले, आणि हस्तलिखित आराखड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना या संगीताची वाढ टप्प्याटप्प्याने झालेली दिसते. मला वाटते गुंगी खरी असेल, बुडण्याचा भासही खरा असेल, पण ‘सगळे एका क्षणात सापडले’ हा भाग नंतरच्या आठवणीने घडवलेला असावा. संगीतकाराने स्वतःविषयी सांगितलेली गोष्टसुद्धा त्याच्या रचनेसारखीच हळूहळू आकार घेत जाते.

या अवस्थेचा सर्जनशीलतेशी संबंध आहे, याला प्रयोगांचा आधार आहे का?

आहे, पण तो थेट संगीताचा नाही, हे आधी लक्षात घ्यावे. पॅरिसमधील मेंदू-संशोधन संस्थेत सेलिया लाको, देल्फिन उदिएत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०३ जणांना आकड्यांची काही कोडी दिली होती. ती सोडवण्याची एक लांबची रीत त्यांना शिकवली होती आणि एक सोपा छुपा नियम सांगितलेला नव्हता. मध्ये २० मिनिटे त्यांना अंधाऱ्या खोलीत, हातात एक वस्तू धरून, आरामखुर्चीत पडून राहायला सांगितले. ज्यांनी झोपेच्या पहिल्या टप्प्यात किमान १५ सेकंद घालवले, त्यांच्यापैकी ८३ टक्के लोकांना नंतर तो नियम सापडला, तर जागे राहिलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांना. जे त्याहून गाढ झोपेत गेले, त्यांचा हा लाभ नाहीसा झाला.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाचा आहे. अ‍ॅडम हार होरोविट्झ यांच्या गटाने हातात घालायचे एक उपकरण बनवले. ते डोळा लागल्याचे ओळखते आणि त्या क्षणी ध्वनिमुद्रित आवाजात एखादा विषय सुचवते. ४९ जणांवरील, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘झाड’ हा विषय सुचवला होता. ज्यांनी त्या सूचनेसह डुलकी घेतली, त्यांची झाडाशी संबंधित सर्जनशील कामातील कामगिरी सूचनेशिवाय डुलकी घेणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी सरस ठरली. आकड्यांचे कोडे आणि झाडाची गोष्ट यांवरून बंदिशीच्या मुखड्याविषयी ठाम विधान करणे घाईचे होईल. मात्र डुलकी लागताना मनाला विषय देता येतो आणि गाढ झोप लागण्यापूर्वी परत यावे लागते, हे दोन मुद्दे कोणत्याही रचनाकाराच्या उपयोगाचे आहेत.

प्रत्यक्ष संगीताविषयी काय आढळले आहे?

इटलीतील फ्लॉरेन्स येथे ३५ संगीतकार आणि ३० बिगर-संगीतकार यांनी सकाळी उठल्यावर आपल्या स्वप्नांच्या नोंदी ठेवल्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार संगीतकारांच्या स्वप्नांत संगीत दुपटीहून अधिक वेळा आले. ते किती वेळा येते याचा संबंध रोजचा रियाज किती तास होतो याच्याशी नव्हता, तर शिक्षण कोणत्या वयात सुरू झाले याच्याशी होता. शिवाय आठवलेल्या संगीतापैकी जवळजवळ निम्मे ओळखीच्या चालींपेक्षा वेगळे होते. लहानपणी कानांत बसलेली सुरांची भाषा झोपेत स्वतःची वाक्ये बनवते, असा याचा अर्थ मी घेते.

याला पूरक असा एक प्रयोग संगीताबाहेरचा आहे. निद्रासंशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० मध्ये २७ जणांना टेट्रिस हा संगणकावरचा खेळ तीन दिवसांत एकूण सात तास खेळायला लावला, आणि झोप लागता लागता त्यांच्यापैकी बहुतेकांना खाली घसरणारे ठोकळे दिसले. स्मृतिभ्रंश झालेल्या ज्या रुग्णांना आपण खेळलो हेसुद्धा आठवत नव्हते, त्यांच्यापैकी काहींनाही ठोकळे दिसले. दिवसभर यमनच्या ताना घोटणाऱ्या विद्यार्थ्याला रात्री डोळे मिटल्यावर ‘नि रे ग’ आपोआप ऐकू येऊ लागते, त्यामागे हीच यंत्रणा असावी.

मग संगीत न शिकलेल्या माणसाला स्वप्नात चाल सुचू शकत नाही का?

सुचू शकते. ती जागेपणी ओळखणे, धरून ठेवणे आणि पुढे नेणे मात्र त्याला कठीण जाते.

स्वप्नात ऐकलेले संगीत जाग येताच का निसटते?

स्वप्नाची स्मृती पक्की करणारी रसायने झोपेत कमी असल्यामुळे जाग आल्यावर पहिली एक-दोन मिनिटेच काय ती हाताशी असतात. त्यात आपण हललो, दिवा लावला किंवा कुणाशी बोललो, की नवे संवेदन जुन्यावर पसरते. सुरांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते, कारण शब्दांना अर्थाचा आधार असतो, पण नवख्या सुरावटीला तसा आधार नसतो.

कधी सूर जातात आणि सांगाडा राहतो. संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांनी आपल्या अष्टकाविषयी, म्हणजे आठ वादकांसाठीच्या रचनेविषयी, सांगितले होते, की स्वप्नात एका लहान खोलीत काही वादक वाजवत होते. काय वाजवत होते ते त्यांना प्रयत्न करूनही ओळखता आले नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काहीच आठवले नाही. पण वादक किती आहेत हे त्यांनी स्वप्नातच मोजले होते. ते आठ होते, आणि बॅसून, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, बासरी व क्लॅरिनेट ही त्यांची वाद्येही लक्षात राहिली होती. १९२३ मध्ये पॅरिसमध्ये सादर झालेली रचना याच वाद्यमेळासाठी आहे. म्हणून सूर आठवत नसतील तर निराश न होता वाद्ये कोणती होती, लय कशी होती, आवाज पुरुषाचा की बाईचा, जागा कोणती, हे लिहून ठेवावे.

सुचलेली चाल टिपून ठेवण्याची योग्य पद्धत कोणती?

फोनमधील ध्वनिमुद्रक उशाशी तयार ठेवणे हे तर सगळेच करतात. तरीही सकाळी ती नोंद ऐकल्यावर पुष्कळांना काही उलगडत नाही, आणि त्याचे कारण बहुधा एकच असते : षड्ज, म्हणजे सा, नोंदवलेला नसतो. झोपेतून उठून गुणगुणताना आवाज खाली गेलेला असतो आणि ओळीगणिक घसरतही असतो. पेटीच्या काळी एक या पट्टीत गाणारी व्यक्ती अशा वेळी खालच्या पांढरी पाचच्या आसपास कुठेतरी गात असते. सा कुठे धरला होता हे कळले नाही, तर ऐकलेला स्वर कोमल गंधार होता की शुद्ध ऋषभ, याचा निवाडा होत नाही, आणि त्या एका स्वराने बागेश्री रागाची छाया होती की आणखी कशाची, हेच बदलून जाते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी डोळे न उघडता चाल मनात एकदा पुन्हा ऐकावी. मग मुद्रण सुरू करून ती ओळ लगेच गावी, कारण सा शोधण्यात वेळ घालवला तर ओळच जाईल. ओळ गाऊन झाल्यावर, त्याच श्वासाच्या लांबीत, आपल्याला सा कुठे वाटतो आहे तो लांब धरून गावा. त्यानंतर ओळ पुन्हा गात मांडीवर टाळी द्यावी, आणि सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, ज्या अक्षरावर वाटते तिथे टाळी जोरात द्यावी. मुखडा समेच्या आधी किती मात्रा उठतो हे यातून कळते. तीच सुरावट पाच मात्रांआधी उठली आणि समेपासून उठली, तर त्या दोन वेगळ्या बंदिशी होतात. शेवटी, शब्द ऐकू आले असतील तर ते निरर्थक असले तरी जसेच्या तसे बोलावेत, कारण पुढे खरे शब्द लिहिताना ऱ्हस्व-दीर्घांचा तोच साचा उपयोगी पडतो.

तुकडा सकाळी लगेच पारखू नये. जाग आल्यानंतर साधारण अर्धा तास मेंदू पुरता सावध नसतो, त्यामुळे त्या वेळी सगळेच अलौकिक वाटते. दुपारी, तानपुरा लावून, ओळ ऐकावी.

हातात वस्तू धरून डुलकी घेण्याची युक्ती करून पाहावी का?

युक्ती जुनी आहे. शोधक एडिसन हातात धातूचे गोळे धरून डुलकी घेत असे सांगितले जाते, आणि चित्रकार साल्वादोर दाली यांनी १९४८ च्या पुस्तकात जड किल्ली बोटांत धरून खाली थाळी ठेवण्याची रीत वर्णिली आहे. स्नायू सैल पडले की वस्तू पडते आणि आवाजाने जाग येते. संगीतकाराने यात एक बदल करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. धातूच्या थाळीचा खणखणाट स्वतःच एक तीव्र स्वर असतो आणि तो ऐकू येत असलेली सुरावट पुसून टाकतो. खाली गोधडीची घडी ठेवावी. हातातली वस्तू निसटल्याची जाणीव बहुतेकांना जागे करायला पुरते. दुपारची वेळ आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची पुरे, आणि डोळे मिटण्यापूर्वी अडलेली ओळ दोन-तीनदा मनात म्हणावी.

पहाटेचा रियाज आणि रागांच्या वेळा यांचा या अवस्थेशी संबंध आहे का?

पहाटे खर्जाचा रियाज सांगितला जातो, त्याला शरीराचे साधे कारण आहे. रात्रभर विश्रांती घेतलेले स्वरतंतू किंचित सुजलेले असतात, त्यामुळे खालचे स्वर सहज लागतात. त्याच्या जोडीला तानपुरा असतो. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणारा घुमारा, नीट उघडलेली असेल, तर खर्जाच्या तारेतून गंधार स्वतंत्रपणे ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो, तर तारेच्या पाचव्या स्वयंभू स्वरातून उमटतो. अर्धवट झोपेत असताना कान या बारीक स्वरांवर सहज स्थिरावतो, आणि अनेक साधकांना तेव्हा तानपुऱ्यातून आलापाचे तुकडे ऐकू आल्याचा अनुभव येतो. माझ्या मते पहाटेच्या रियाजातील ही पहिली मिनिटे नव्या स्वरवाक्यांसाठी सुपीक असतात, तर ताना आणि पलटे यांसाठी पुरते जागे झाल्यानंतरची वेळ चांगली.

ललत पहाटे आणि मालकंस उत्तररात्री, ही समयव्यवस्था मात्र झोपेच्या टप्प्यांवरून ठरली असे म्हणायला आधार नाही. ती परंपरेने घडली आणि विष्णू नारायण भातखंडे यांनी तिची सूत्रबद्ध मांडणी केली. कर्नाटक संगीतात ती इतक्या काटेकोरपणे पाळली जात नाही. उत्तररात्रीच्या मैफलींत श्रोता आणि गायक दोघेही थोडे पेंगुळलेले असत, आणि तेव्हाचा विलंबित ख्याल वेगळाच लागत असे, हे मात्र जुने श्रोते आवर्जून सांगतात. १९५३ पासून चालू असलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सत्रे एके काळी रात्रभर चालत. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आल्यापासून तो अनुभव खुल्या मैदानात मिळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मराठी परंपरेत स्वप्नातून रचना आल्याची उदाहरणे आहेत का?

सर्वांत मोठे उदाहरण तुकोबांचे आहे, आणि ते त्यांनी स्वतःच सांगितले आहे. नामदेवराय पांडुरंगाला सोबत घेऊन स्वप्नात आले, कवित्व करण्याचे काम सांगितले आणि विठ्ठलाने थापटून सावध केले, असे त्यांच्या अभंगात आहे. भाविक वाचक याकडे साक्षात्कार म्हणून पाहतो, आणि त्या श्रद्धेत हस्तक्षेप करण्याचे कारण नाही. रचनाप्रक्रियेचा अभ्यास करणाऱ्याने मात्र या प्रसंगाशेजारी त्यांचा आत्मपर अभंग ठेवून वाचावा. त्यात क्रम स्पष्ट आहे. एकादशीला कीर्तन करू लागलो, पण तेव्हा चित्त अभ्यासात नव्हते. मग संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. जे पुढे गात, त्यांच्यामागे उभे राहून धृपद धरले. स्वप्नात गुरूंचा उपदेश झाला तो मानला, आणि त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती झाली.

कीर्तनात धृपद धरणे म्हणजे मुख्य गायकाच्या ओळीमागोमाग तीच ओळ उचलणे, त्याच लयीत, त्याच उंचीवर, पुन्हा पुन्हा. जो माणूस हे दीर्घकाळ करतो, त्याच्या शरीरात अभंगाचे वजन मुरते. पुढे चार हजारांवर अभंग त्याच वजनात उमटले, ते या मुरण्यानंतर. शिवाय स्वप्नात तयार अभंग दिला गेला नव्हता, काम दिले गेले होते, हाही फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

जात्यावरच्या ओव्या पहाटेच्या अंधारात, झोप पुरती गेलेली नसताना, सुचत आल्या, म्हणून त्यांनाही या प्रकारात धरले जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मला वाटते इथे झोपेपेक्षा जात्याचा वाटा मोठा आहे. खुंटा धरून हात फिरू लागला की ओवी येते आणि जात्यावर बसल्याशिवाय ती आठवत नाही, असे बायका सांगत आल्या आहेत. एकसारख्या फिरण्याने लक्ष सैल होते आणि लय पक्की राहते.

गाताना लागणारी तंद्री आणि ही गुंगी एकच आहे का?

एक नाही, पण दोन्हींत एक साम्य आहे. चार्ल्स लिंब आणि अ‍ॅलन ब्राउन या संशोधकांनी २००८ मध्ये सहा जॅझ पियानोवादकांच्या मेंदूची प्रतिमा ते उत्स्फूर्त वादन करत असताना घेतली. तेव्हा स्वतःवर लक्ष ठेवणारा, कपाळामागचा बाजूचा भाग मंदावलेला आणि स्वतःची गोष्ट सांगण्याशी निगडित मधला भाग सक्रिय झालेला दिसला. आतला परीक्षक बाजूला होतो, हे साम्य. पण बढत करणाऱ्या, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने उलगडत नेणाऱ्या गायकाचे कान, गळा आणि मात्रांचे भान या काळात अत्यंत जागे असतात. झोपेच्या गुंगीत सम सापडत नाही, तर तंद्रीत ती न शोधता सापडते.

सुचलेली चाल आपली आहे की आधी ऐकलेली, हे कसे ओळखावे?

ही शंका नेहमी घ्यावी. अर्धवट झोपेत आठवण ही आठवण म्हणून ओळखू येत नाही आणि नवी वाटते. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी फेब्रुवारी १८५४ मध्ये एका रात्री उठून देवदूतांनी सांगितलेली म्हणून एक सुरावट लिहून काढली. ती त्यांनी स्वतःच काही महिन्यांपूर्वी रचलेल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या संथ भागातील सुरावटीशी अगदी मिळतीजुळती होती, आणि हे त्यांच्या ध्यानात आले नाही. त्यांची तेव्हाची अवस्था गंभीर मानसिक आजाराची होती, साध्या गुंगीची नव्हती, त्यामुळे या घटनेला सुंदर प्रेरणाकथा म्हणून सांगणे मला पटत नाही. तरी ओळख हरवण्याचा प्रकार तोच आहे.

चाल वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगळे संगीत ऐकणाऱ्या लोकांना, शब्दांशिवाय, ऐकवावी. भावगीते ऐकत वाढलेल्या माणसाला जे ओळखू येते, ते चित्रपटसंगीतच ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही.

जागरण, मद्य किंवा झोपेची औषधे यांनी ही अवस्था आणावी का?

आणू नये. मद्याने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या पहिल्या भागातील रेम झोप दबते, म्हणजे जिथून स्वप्ने यायची तोच भाग कमी होतो. सततच्या जागरणाने लक्ष, स्मृती आणि गळा तिन्ही बिघडतात. नव्याने शिकलेली बोटांची हालचाल पक्की होण्यासाठीही पूर्ण झोप लागते. कार्यक्रम आटोपून रात्री गाडी चालवत परतणाऱ्या कलावंतांना तर कळकळीने सांगणे आहे, की रस्त्यावर असताना चाल सुचू लागली आणि विचार तुटक झाले, तर ती झोपेची पहिली पायरी असते. गाडी बाजूला घेऊन थांबावे किंवा दुसऱ्याच्या हाती द्यावी.

झोप लागताना आवाज ऐकू येणे हा आजार आहे का?

डोळा लागताना किंवा उघडताना हाक, धाडकन आवाज किंवा गाणे ऐकू येणे निरोगी माणसांतही सर्रास आढळते. पूर्ण जागेपणी आवाज येत असतील, दिवसा अनावर झोप येत असेल किंवा या भासांची भीती वाटून झोप टाळली जात असेल, तर डॉक्टरांना भेटावे.

अंथरुणावर पडल्यावर एकच ओळ डोक्यात घोळत राहते आणि झोप येत नाही. ही सर्जनशीलता आहे का?

बहुतेक वेळा नाही. निद्रासंशोधक मायकेल स्कलिन यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपण्यापूर्वी काही जणांना लोकप्रिय गाणी ऐकवली आणि काहींना त्याच गाण्यांची केवळ वाद्यांवरची रूपे. वाद्यरूपांमुळे चाल डोक्यात अडकण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले, आणि ज्यांच्या डोक्यात ती अडकली, त्यांना झोप लागायला अधिक वेळ लागला व रात्री जागही अधिक वेळा आली. शब्द ओळखीचे असूनही ऐकू आले नाहीत, म्हणून मन ते भरत राहते, असे यामागचे कारण असू शकते. झोपण्यापूर्वीचा तासभर ओळखीच्या गाण्यांपासून, विशेषतः त्यांच्या बासरी-सतारीवरच्या रूपांपासून, दूर राहावे. घोळणारी ओळ आपल्याच अपुऱ्या रचनेची असेल तर मात्र उठून ती जिथे अडली आहे तिथपर्यंत एकदा गाऊन मुद्रित करावी आणि पुढचा अंतरा दुसऱ्या दिवशीच्या बैठकीवर सोडावा.